लाल पेन, निळं पेन

पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल,
दुसऱ्या-चौथ्याला निळं.
दारूगोळा कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालो
तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं,
खिशाला ही दोन पेनं.

क्लब तेव्हा क्लब नव्हता.
खडकी बाजाराच्या मागे पाण्याच्या टाकीखाली
एक कोर्ट, त्याला एकच बास्केट,
दुसरीचा खांब कुणीतरी भंगारात घातलेला.
टाकी भरून वाहिली की खेळ बंद.

सेल्वी मुदलियार चौदाची.
भावाच्या बुटांत पुढे पेपरचे बोळे कोंबून
ती अशी वळायची
की समोरची मुलगी तिला शोधत राहायची
आणि चेंडू जाळीतून खाली यायचा.
जाळी नव्हतीच म्हणा. रिंगमधून.

गोडांबे मॅडम रेल्वेत तिकीट तपासत,
संध्याकाळी आम्हाला.
एकदा मोबाइलवर दाखवला त्यांनी
फ्रान्समधल्या कुठल्याशा गावचा क्लब,
नाव त्यांनाही धड घेता येईना.
गाव खडकीएवढंच, क्लब पाच वर्षांचा,
तळाच्या गटातून चढत चढत व्यावसायिक झालेला.
"बघा, यांच्याकडेही काही नव्हतं."
मागे छत, लाकडी कोर्ट, हजारभर माणसं उभी.
"काही नव्हतं?" सेल्वीने विचारलं.
"सुरुवातीला गं," मॅडम म्हणाल्या
आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

पहिला सामना, जिल्ह्याचा तिसरा गट:
अकरा विरुद्ध चोपन्न.
ते पान मी जपलंय.
अकरातले नऊ सेल्वीचे,
दोन शाहीन पटवेकरचे. पास द्यायला गेली
आणि चेंडू आत गेला.

मग मिरज, सातारा, नाशिक,
एसटीच्या शेवटच्या बाकावर बर्फाची पिशवी आणि घोटे,
एका गुणाने हरणं,
पुढच्या वर्षी त्याच गावात एका गुणाने जिंकणं.
मग स्टँप पेपरवर करार.
सेल्वीच्या अप्पांनी तो दोनदा वाचला
आणि विचारलं, "पीएफ कापतात?"
कुणालाच माहीत नव्हतं.

आता बालेवाडी. छत आहे, लाकूड आहे.
जर्सीवर छातीभर बिल्डरचं नाव,
खडकी मागे, मानेखाली, बारीक अक्षरात.
केरळच्या दोघी, पंजाबची एक, सेनेगलची आवा.
शाहीन बेंचवर, टोकाला,
सगळ्यांच्या बाटल्या सांभाळत.

वरच्या लीगमध्ये जायचा सामना.
चार मिनिटं बाकी, आपण एकाने पुढे.
शिट्टी. सेल्वीचा हात त्या उंच मुलीच्या मनगटावर.
पंचांनी माझ्याकडे नंबर दाखवला
आणि वळले.
मी रकान्यात लिहिलं,
आणि पाहिलं.
पुढे रकानाच उरला नव्हता.

हॉल ओरडत होता. बोर्डवर चारच दिसत होते,
बटण दाबणारा पोरगा
एक फाउल मागे राहिला होता.
कागद फक्त माझ्यापुढे होता.
टेबलावर बसलेला माणूस कुणाचाच नसतो,
हे मीच नव्या पोरांना शिकवतो.
पण त्या क्षणी मला दिसत होते
पेपरचे बोळे कोंबलेले बूट.

पाचाची पाटी वर धरली.
हात फार वर गेला नाही, पण दिसला.

सेल्वीने माझ्याकडे पाहिलं.
बेंचच्या टोकावरून शाहीन उठली,
बाटल्या आवाला दिल्या. तीही दमून बाहेर आलेली.

त्या चार मिनिटांत शाहीनने एकही गुण केला नाही.
फक्त त्या उंच मुलीला
उजवीकडे वळू दिलं नाही.
छाती पुढे करून, पाय रोवून,
एकदा पडून, उठून, पुन्हा तिथेच.
याला माझ्या कागदावर रकाना नाही.

एकसष्ट–अठ्ठावन्न.
निळ्या पेनाने खाली दोन रेघा मारल्या,
पंचांच्या सह्या घेतल्या.
कोर्टवर कुणी कुणाला उचलत होतं.

सेल्वी आली, घामाने थबथबलेली,
टेबलावर वाकून म्हणाली,
"काका, चौथाच होता ना?"

"पाचवा."

तिने पान स्वतःकडे फिरवलं,
बोटाने मोजलं,
आणि बोटाचा ओला ठसा
शेवटच्या रकान्यावर ठेवून गेली.
शाई थोडी पसरली.
वाचता येतं तरी.